जादा प्रत

फतेगंजच्या नाक्यावर रतनबेन कहार रोहू कापते
तेव्हा मी परातून नखाएवढा तुकडा मागून घेते,
स्पिरिटच्या कुपीत टाकते.
"आटलामां शुं रांधशो, बेन?"
दर रविवारी विचारते ती.
तेवढ्यात जन्मभर पुरेल इतकं वाचायला आहे,
हे तिला कसं सांगू? आणि तेही दोनदा लिहिलेलं.

बत्तीस कोटी वर्षांपूर्वी
कुठल्याशा माशाच्या अंड्यात
नक्कल उतरवणारा हात थांबलाच नाही,
अख्खी पोथी पुन्हा उतरून मोकळा झाला.
चूकच ती. पण पोहण्याच्या आड आली नाही.
पुढे जादा पानं बरीचशी गळाली.
काही मुकी होऊन अजून जागा अडवून बसलीत.
काहींनी काम वाटून घेतलं:
तू कल्ल्यात, मी मेंदूत,
तू अंड्यात असताना, मी नंतर.

हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.
दांडिया बाजारात वाढले.
घरात कांदा, पायरी उतरली की डुंगळी.
साखर डब्यात, खांड दुकानात.
बटाटा आणि बटाका तर
एका अक्षराच्या फरकाचे सख्खे भाऊ.

गेल्या चैत्रात शरयूआत्याच्या मेंदूत गुठळी अडकली
आणि चौऱ्याहत्तर वर्षांची मराठी गेली.
चित्र्यांच्या घरची, 'निवटी' आणि 'सोडे' यांची,
कुणाला टोमणा मारायचा तर खास राखून ठेवलेली.
तिसऱ्या दिवशी ती नर्सला म्हणाली,
"डुंगळी बळे छे."
भाऊकाका भिंतीकडे तोंड करून रडले.
मला, सांगायला लाज वाटते,
आधी आनंद झाला:
जादा प्रत चालू झाली.

उरलेला रोहू आता मी तिच्यासाठी तळते.

मुशी आपलं क जीवनसत्त्व आपण बनवते.
बोकड बनवतो, घरातला उंदीरसुद्धा.
रोहूला येत नाही; त्या जीनची
एकही प्रत त्याच्याकडे उरली नाही.
खाद्य चुकलं की आमच्या टाकीतल्या पिल्लांचे कणे वाकतात.
आपल्यालाही येत नाही.
आपल्याकडे मोडकी प्रत आहे,
कपाटात ठेवलेल्या बंद घड्याळासारखी, टाकवत नाही म्हणून.
दोघंही विसरलो,
तो त्याच्या वाटेनं, आपण आपल्या.

आत्या ताटाकडे बघते.
मीठ आठवत नाही. मीठुंही नाही.
बोट तुकडीकडे, मग माझ्याकडे.
ओठ दोनदा जुळून सुटतात
आणि मग स्वच्छ म्हणते, "लिंबू."

कुठल्या भाषेत, ते मला सांगता येणार नाही.

मी कापते, पिळते.
एक बी निसटून भातावर पडते.
ती बोटानं ताटाच्या कडेला ढकलते,
कपाळाला आठी घालून,
पहिल्यापासून घालायची तशीच.