उशाशी

फेरीबोट रात्री दहाला बांधतात.
एकशे आठची गाडी पलीकडच्या धक्क्यावर,
तिचा निळा दिवा जयगडच्या खाडीत गरगरत होता,
आणि अलीकडे, उपकेंद्राच्या एकुलत्या टेबलावर,
रोशनी डोर्लेकर, वय बावीस, पहिलटकरीण.
नवरा ट्रॉलरवर, फोन रेंजबाहेर.
मी हातमोजे चढवले,
भिंतीवरचं घड्याळ काढून समोर ठेवलं.
मला असं शिकवलंय.

सकवारबाय न बोलावता आली.
चपला बाहेर, पदर खोचलेला,
कोपरापर्यंत धुतलेले हात माझ्यापुढे धरून म्हणाली,
"हे आत घालायचे नायत आता, म्हायत हाय मला.
कालवांनी चिरलेत.
तू पायाशी बस. मी उशाशी बसतंय."
या वाडीतली निम्मी माणसं त्याच हातांनी झेललेली.
सरपंचसुद्धा. तो पायाळू होता,
हे ती अजून सांगते, त्याच्यासमोर.

पहिल्यांदा तिने पोरीला टेबलावरून उतरवलं.
मी "अहो" म्हणेपर्यंत
रोशनीचे हात तिच्या गळ्यात होते
आणि दोघी पडवीत डुलत होत्या,
एकाच दोरीला बांधलेल्या दोन होड्या,
एकमेकींना घासत.
कंबरेखाली, माकडहाडाच्या जरा वर
एक जागा असते. पुस्तकात तिला नाव आहे.
सकवारबायने तिथे तळवा रोवला
आणि प्रत्येक कळेला दाबत राहिली,
दार लोटून धरावं वादळात, तशी.

"आई गो, मी मरतंय."
"मरत नायस. वल्हवतंस.
वल्हं पाण्यात तवा जोर.
वल्हं वर आलं का सोड, गो बाय, समदं सोड.
होडी तवाच पुढं सरकते.
इचार तुझ्या बापाला."

मधल्या दोन मिनिटांत पोर खरंच झोपली,
उभ्याउभ्या, तोंड उघडं,
म्हातारीच्या खांद्यावर लाळ.
म्हातारी हलली नाही.
सत्तरीच्या पायांना मुंग्या आल्या असतील.

ओरडायला लाजत होती रोशनी.
बाहेर सासरा बसलेला, बिडी न पेटवता.
"बोंबल," सकवारबाय म्हणाली,
"कळू दे त्याला, नातवंड फुकट नाय येत."
सासरा उठून माडाखाली जाऊन उभा राहिला.

डोकं बाहेर आलं तेव्हा तीन वाजून दहा.
मग बोटाला नाळ लागली,
मानेभोवती, एक वेढा,
आणि माझा आवाजच गेला.
मी एक अक्षर बोलले नाही, शपथ.
म्हातारीने माझे खांदे बघितले असावेत.
पोरीच्या कपाळाला कपाळ टेकून ती म्हणाली,
"आता जोर नको. अजाबात नको.
लाकडं वली हायत, चूल पेटत नाय,
फुंकर घाल. फू. फू. फू."
रोशनी फुंकत राहिली, सकवारबाय फुंकत राहिली,
मीही फुंकत होते हे मला मागाहून कळलं.
तेवढ्यात बोट वेढ्याखाली सरकलं
आणि वेढा डोक्यावरून आला,
ओला, जाड, अजून ठोके देणारा.

मुलगी. दोन किलो आठशे.
रडायला तिने वेळ घेतला.
तेवढा वेळ खोलीत कुणीच श्वास घेतला नाही.

सासऱ्याने नारळ आणला, वर शंभराची नोट.
नारळ तिने घेतला.
मनगटावर चार नखं अर्धी अर्धी रुतलेली,
एकातून रक्त.
तिने बांगड्या त्यावर ओढल्या,
"ओहोटी लागली असंल," म्हणाली, आणि चपला शोधू लागली.

उजाडताना ती खडकांवर दिसली,
कोयती घेऊन, कालवांवर वाकलेली.
पलीकडून पहिली फेरीबोट निघाली होती,
गाडी घेऊन, निळा दिवा अजून फिरत.
मी पडवीत उभी.
हातातला चहा केव्हाच गार झाला होता,
आणि मी त्यावर फुंकर घालत होते.