दोनशेऐंशीपर्यंत

अमरावती रोड, विभागाचा दुसरा मजला.
कूलरमधलं पाणी संपलंय, नुसता गरम वारा.
स्क्रीनवर मी एक रेघ ओढते:
हिच्या वर अ‍ॅक्सिऑन नाही,
पंचाण्णव टक्के खात्रीनं नाही.
खाली?
खालचं पांढरंच ठेवते.

बाबांचा फोन.
"सापडलं का गं काई?"
"नाही."
"मंग पेपर कायचा?"
"नाहीचाच."

ते हसत नाहीत.
बोअरची गाडी विकली, पण वही ठेवलीय त्यांनी:
बेसा, गणोरकर यांचा प्लॉट,
काळा दगड, २८० फूट, कोरडं.
त्या दिवशी मी होते तिथे, शाळा बुडवून.
गणोरकरबाई प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर नारळ.
"म्हणजे पाणीच नाही?"
बाबांनी भुवयांवरची राखाडी भुकटी पुसली.
"दोनशेऐंशीपर्यंत नाही, बाई.
पुढचं मी बोलत नाही."
पैसे फुटावर घेतले,
नारळ तसाच परत गेला.

"किती खोल गेलती?"
फोनवर बराच वेळ काही नसतं,
मग हे.
सांगते: पॉइंटनंतर तेरा शून्यं, मग एक.
ते मोजत असावेत, बोटांवर.
"लिहून ठेव," म्हणतात,
"दुसऱ्या कोनी तिथंच बोअर मारू नये."