हातांपुरती

सिनेमात मी अकरा सेकंद आहे,
मनगटापासून खाली.

अदाचीच्या लाँड्रीत
हॉटेलच्या चादरी रोलरखाली सारत होते,
तेव्हा एक मुलगी आली, गळ्यात ओळखपत्र, हातात वही.
म्हणाली, आमची नायिका तुमच्यासारखीच,
नवऱ्यानं टाकलेली, चादरी धुणारी.
फक्त तिचे हात,
ती जरा अडखळली,
फार चांगले आहेत.

मेण लावून पाहिलं, डिंक लावून पाहिला,
कॅमेऱ्याला पटेना.
अशा भेगा पडायला किती दिवस लागतात?
सव्वीस वर्षं, मी म्हटलं.
घाई असेल तर ब्लीच.

सेटवर आमचीच लाँड्री उभी केली होती,
फक्त तिच्यात उकडत नव्हतं.
रेइना-सान आल्या, माझा हात हातात घेतला.
दुखतं का, म्हणाल्या.
जानेवारीत, मी म्हटलं.
त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.
पुढच्याच शॉटमध्ये रडायचं होतं,
तेव्हा ते नक्की कशाचं, मी विचारलं नाही.
जाताना क्रीमची डबी दिली, झाकणावर सोनेरी अक्षरं.
मागोमाग वहीवाली धावत आली:
तोकिए-सान, फेब्रुवारीत पुन्हा थोडं शूटिंग आहे,
तोवर प्लीज काही लावू नका.

हातावर पोट असलं की
हातांचंही सगळं आपल्या हातात नसतं.
डबी फ्रिजवर राहिली, हिवाळाभर बंद.

बुधवारी बायकांना तिकीट स्वस्त.
गेले. एकटीच.
चेहरा त्यांचा, हात माझे,
दोघी मिळून एक बाई झालो होतो.
मनगटाशी कुठेतरी शिवण असणार,
मला सापडली नाही.

शेवटी नावं वर सरकत गेली.
जेवणाचे डबे पुरवणाऱ्याचं होतं.
मांजराचंही होतं, मोनाका.
मी दिवे लागेपर्यंत बसले.

शेजारची बाई, कानात मोती,
त्या अकरा सेकंदांना हुंदके देऊन रडली होती.
उठताना तिचा रुमाल पडला.
मी उचलला, सवयीनं चौघडी घातली, पुढे केला.
तिनं आभार मानले,
रुमालाकडे बघत.

तलम लिनन, हातानं विणलेली किनार.
असला रुमाल गार पाण्यात धुवायचा,
आणि पिळायचा नाही.