सांधणी

झिबलमामाला नागीण झाली तेव्हा मे होता,
पाचपावलीत कूलरचं पाणी सकाळीच संपायचं,
आणि डाव्या बरगडीवरून पाठीकडे
फोडांची एक किनार निघाली होती.
मामीने गेरू लावून ठेवलेला.
"तोंड अन् शेपूट भेटलं का माणूस जाते म्हणतात,"
मामा म्हणाला. मला, मेडिकलमधल्या भाचीला,
जणू मी मोजपट्टी घेऊनच आले होते.

"नाही भेटत. एकाच नसेच्या हद्दीत राहते ती."
"म्हणजे तिलेबी वार्ड ठरवून देला."

मग मी सांगत बसले.
सातव्या वर्षीच्या कांजिण्या गेल्याच नव्हत्या,
कण्याशेजारच्या गाठीत एकसष्ट वर्षं
मान खाली घालून बसल्या होत्या.
विषाणू म्हणजे तेलकट पापुद्र्याची पुरचुंडी,
वर प्रथिनांचे काटे, काट्यांवर साखरेची कलाकुसर.
पेशीच्या अंगावरही साखरेची लव असते.
काटा आधी त्या लवेत अडकतो.
नावं सांगितली: जी-ई, जी-आय, जी-एच, जी-एल, जी-बी.
मामाला हसू आलं, हसल्याने बरगडी पेटली.
"साऱ्यायले जी जी म्हणतेस वो. जावई आहेत का?"

थोड्या वेळाने: "पण दार कोण उघडते?"

दार नाहीच.
जी-एच, जी-एल जोडीने खुणावतात
आणि जी-बी, मिटल्या छत्रीसारखा उभा,
टोकं पेशीच्या पापुद्र्यात रुतवतो,
कमरेत वाकतो,
दोन पापुद्रे जवळ ओढून एक करतो.
फाटत काहीच नाही.

मामा गप्प.
माग विकून अकरा वर्षं झाली होती
तरी अंगठा तर्जनीवर फिरत होता.
"ताणा सरत आला का
जुन्या सुताच्या टोकाले नव्याचं टोक लावाचं.
बोटाले राख, एक पीळ. असे दोन-तीन हजार.
मागाले कळतबी नाही नवं कुठून चालू झालं.
सांधणी म्हणतात तिले.
चोर नाही हा, पोरी.
कोष्टी आहे."

आम्ही याला फ्यूजन म्हणतो.
वीस वर्षांत तो शब्द
माझ्या बोटांना कधी लागला नव्हता.

"याच जी-ईची लस आहे, मामा.
नुसता काटा, आत काही नाही."
"मग मले काऊन नाही देली?"
मी किंमत सांगितली.
मग खरं सांगितलं: सुचलं नाही.

फोड वाळले, खपल्या गळल्या, आग राहिली.
सदऱ्याचं एक सूत टेकलं तरी वीज जाते.
चाळीस वर्षं लुगडी विणलेला माणूस
दिवाळीतही उघडाच ओट्यावर.
परवा गेले तर कोणाचा तरी नवा दुपट्टा
दोन्ही हातांत ताणून
काठ पाहत होता,
अंगापासून वीतभर लांब धरून.