कंदील

जुबैल. ऑगस्टची रात्र.
लॅबचं दार उघडलं की चष्म्यावर समुद्र येऊन बसतो.
कुंपणापलीकडे फ्लेअर जळतोय,
आठ वर्षांत मी तो विझलेला पाहिला नाही.

कुपीत एक ग्रॅम भुकटी. रंग जुन्या बेसनाचा.
हैफा म्हणते, हिच्या आतल्या भिंती उलगडून अंथरल्या
तर पाच टेनिस कोर्टं भरतील.
मी मनात आमच्या शाळेचं पटांगण मोजतो,
झेंड्याच्या खांबापासून बोरीपर्यंत.
एवढं सगळं पोकळ,
आणि नखावर मावणारं.

धुराड्यातून आणलेला वायू त्या भोकांत शिरतो.
कोपऱ्याकोपऱ्यात जस्त दबा धरून.
ते त्याला इपॉक्साइडशी बांधतं,
गाठीला गाठ, गाठीला गाठ,
आणि पहाटे तबकडीवर पापुद्रा.
म्हणजे, असं व्हायला हवं.
एक्केचाळीस वेळा झालं नाही.
दमट हवा आत गेली, भुकटी मेली.
रोदेलियो नळ्या धुतो, शीळ घालतो,
त्याला कशाचंच वाईट वाटत नाही.

वडील डिस्टिलरीत होते.
मळीच्या टाकीत माणूस उतरवण्याआधी
दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे.
मालवला, की वर ओढून घ्यायचे
आणि काठावर उकिडवे बसून राहायचे.
तो पाण्यासारखा तळाला बसतो, म्हणायचे,
त्याला घाई नसते.
एकदा आपल्याला झाली.
दगडू शिंगोटे उतरला,
त्याला काढायला त्याचा भाऊ.
कंदील त्या दिवशी खुंटीलाच.

आज बेचाळिसावी खेप.
तबकडीवर सायीएवढा पापुद्रा, गढूळ,
चिमट्यात धरून खिडकीशी नेला
तर फ्लेअर त्यातून दिसला
काजळी धरलेल्या काचेतून दिसावा तसा.
मग मधोमध तडकला.
हैफाने वहीत लिहिलं : ठिसूळ. पण आहे.

फोटो घरी पाठवला. तिकडे साडेसात वाजले असतील.
वडिलांना हल्ली ऐकू येत नाही, टाइप करतात एका बोटाने.
हे त्याच वायूचं का
हो, मी लिहिलं. याचा फोम होतो, डिंक होतो, गाद्या होतात.
बराच वेळ नुसतीच टिंबं हलत राहिली.
मग आता टाकीत उतरता येतं का

मी काहीतरी लिहिलं. खोडलं.
रोदेलियोने मागून विचारलं, व्हॉल्व्ह उघडू?
थांब, म्हणालो,
आणि कधी नव्हे ते
मीटरकडे पुन्हा एकदा वाकून पाहिलं.