पानामागे चार डॉलर

साक्षीदार आधी म्हणाला होता, "बहुतेक तोच."
सरकारी वकिलानं खाकरून पुन्हा विचारलं
तेव्हा "बहुतेक" गळून पडलं.

लघुलेखिकेनं टिपलंय ते,
चारशे बारा पानांत कुठेतरी.

माझी आई, व्हर्लीन, नॅचेझच्या लॉन्ड्रीत
हॉटेलच्या चादरींना इस्त्री करते.
तिनं पाकिटाच्या पाठीवर गुणाकार केला
आणि आत फक्त लिहिलं, उकाडा फार आहे.

फुकट प्रत हवी असेल तर, न्यायाधीश कळवतात,
चूक नेमकी कुठल्या पानावर
ते आधी लिहून द्या.

रात्री मी तो शब्द मोठ्यानं म्हणतो.
शेजारचा थिबोडो भिंत ठोकतो, झोप आता.
माझ्या तोंडून कितीदाही निघाला
तरी तो पुरावा होत नाही.

आईला कळवलंय, एकच पान घे.
कुठलं, ते सापडलं की सांगतो.