तिसऱ्या तासाचा कोळसा

नारिनच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटात आमची शाळा.
ऑक्टोबर ते एप्रिल मी तिला ऊब देतो,
म्हणजे कोळसा ओढतो, राख काढतो,
सळई घेऊन वर्गावर्गातून हिंडतो.
भट्टीवाल्यासमोर माणसं खरं बोलतात.
तो खोलीत आहे हेच त्यांच्या ध्यानात नसतं.

त्या हिवाळ्यात मुख्याध्यापिका होत्या सायकाल एजे,
बुटक्या, गुडघ्यांनी जेरीस आलेल्या,
नमद्याचे बूट घालणाऱ्या.
आणि गणिताला बुरुल एजे.
त्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावरचं पोरगंही
"थांबा, मला नाही कळलं," असं मोठ्यांदा म्हणायचं,
न लाजता.

बुरुलने इतरांच्या वर्गात बसावं, नव्यांना हात द्यावा,
एवढंच ठरत होतं शिक्षकखोलीत,
तर जुमाकादिर अगायनी टोपी टेबलावर आपटली.
"तेहतीस वर्षं भूगोल शिकवतोय.
ही कालची पोर माझ्या पाठीला डोळे लावून बसणार?"
कपांतले चमचे थांबले.
मी उगाच भट्टी ढोसत राहिलो.

वाटलं, आता हुकूम निघणार.
शिक्का होता, सही होती, निळी वही होती.
एजे म्हणाल्या,
"आधी माझ्या वर्गात बसा. सगळेच."

गुरुवारी तिसऱ्या तासाला सातवीत
त्या फळ्यापुढे उभ्या राहिल्या, नऊ वर्षांनी.
खडू दोनदा मोडला.
दोन तृतीयांश अधिक तीन चतुर्थांश:
वरचे वर, खालचे खाली मिळवून
पाच सप्तमांश लिहून मोकळ्या झाल्या.
आइझिरेक नावाची पोर फस्सकन हसली
आणि मग अख्खी सातवी.
मागे भिंतीला टेकलेले मास्तर छत न्याहाळू लागले.

तास संपल्यावर बुरुल हळूच म्हणाली,
"प्रश्न तुम्हीच विचारता, उत्तरही तुम्हीच देता.
मी मोजलं. अकरा वेळा."
एजेंनी वहीत 'अकरा' लिहिलं, खाली रेघ ओढली.
"आणखी?"
आणखीही होतं.

अगाय त्या दिवशी काही न बोलता गेले.
सोमवारी त्यांच्या वर्गाचं दार किलकिलं दिसलं.
मी म्हटलं, ऊब बाहेर चाललीय, लावून घेऊ?
"असू दे," ते नकाशा टांगत म्हणाले, "ती यायचीय."

तेव्हापासून गुरुवारचा तो तास एजेंचा.
वेळापत्रकात आधी पेन्सिलीने होता,
मग शाईने आला.
अपूर्णांक काही फारसे सुधारले नाहीत.

फेब्रुवारीत शहरातून तपासनीस आले, बर्फाने माखलेल्या गाडीतून.
"कुणाची ही कल्पना?"
"बुरुल एजेंना विचारा," म्हणत
मुख्याध्यापिका खुर्ची आणायला गेल्या त्या गेल्याच.
माझ्या भट्टीपाशी पालथ्या बादलीवर बसल्या होत्या, गुडघे शेकत.
तुम्ही नको का तिथं?
"मी असले तर तो माझ्याकडेच बघून बोलेल."

बराच वेळ ज्वाळा बघत होत्या.
मग विचारलं, हे झाकण किती उघडं ठेवतोस?
म्हटलं, वारा बघून.
सताड सोडलं तर कोळसा तासात खलास,
मिटलं तर नुसता धूर.
"बुरुलचे दोन तास कमी केलेत. पुरतात?"
मला काय कळणार शाळेतलं.
पण रोज संध्याकाळी ती दोन पिशव्या वह्या घरी नेते,
घाटात बर्फ असतो,
एवढं सांगितलं.

त्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात सहा वाजून गेले तरी
मुख्याध्यापकांच्या खोलीत दिवा जळत होता.
डोकावलो. सहावीच्या वह्यांचा ढीग, लाल पेन,
आणि शेजारी चिठ्ठीवर बुरुलच्या अक्षरातली उत्तरं,
चुकू नये म्हणून.

कोळसा मोजून मिळतो, नोंदवहीत फावडी लिहावी लागतात.
त्या खोलीत मी एक जास्तीचं टाकलं.
ते लिहिलं नाही.